फिरल्याची खबर

मानेवाडा रोड, दुसरा माळा, मे महिन्यातले सव्वातीन.
कूलरची खस वाळून खडखडत होती
आणि मशीनच्या पोटात
सकाळपासून भिजलेले पांढरे युनिफॉर्म.

खोब्रागडे सिस्टर मेडिकलमध्ये आहेत.
रात्रपाळीहून आलेल्या, घोटे सुजलेले.
"बोर्ड गेला म्हणे तो कंपनीवाला.
आठ हजार सांगून राहिला.
तू पाह्य बरं एकदा, कुंदा."

मी आधी नुसतं ऐकलं.
दाराचा खटका पडला, पाणी आलं,
मग ड्रमनं हिसका दिला,
झोपेत कुणी हाक मारल्यासारखा,
आणि गप्प.
पुन्हा हिसका. पुन्हा गप्प.
तिसऱ्यांदा तेच, आणि वर लाल कोड.

मोटर मेली असती
तर हिसका कुठून आला असता?

प्लग काढला, पाणी सोडलं, मागचा पत्रा उघडला.
बाबा सक्करदऱ्यात कूलरच्या मोटरी भरायचे.
व्हार्निशचा वास त्यांच्या डब्यातल्या पोळीलाही यायचा.
म्हणायचे, महागाच्या पार्टवर शेवटी संशय घे,
स्वस्ताला आधी विचार.

विचारलं.
पट्टा ताठ. कार्बन करंगळीच्या पेराएवढे, अजून दोन वर्षं जातील.
जोडणीत झुरळाची अंडी होती, पुसली;
फरक नाही पडला.
बोर्डावर कुठे काळा डाग नाही, जळका वास नाही.

राहिली शेपटाकडची बारकी कडी.
तांब्याच्या केसाएवढ्या तारेची,
घरात कुणाला ती आहे हेही माहीत नसतं.
मोटर फिरली की ती वर कळवते:
फिरली, एवढी फिरली, आता एवढी.
खबर आली नाही की बोर्ड घाबरतो,
आणखी वीज लोटतो, आणखी,
आणि मग स्वतःच्याच हातानं सगळं तोडून टाकतो.

मीटर लावला. एकशे बासष्ट ओहम.
तार तर शाबूत.
मग पुली हातानं फिरवली:
शून्य.
जोरात फिरवली, घाम मीटरवर टपकला:
शून्य.

सिस्टर टॉर्च धरून वाकल्या होत्या.
"नाडी लागून नाही राहिली का?"
"नाडी आहे जी. मोजणारं बोट नाही."
त्या हसल्या नाहीत, टॉर्च फक्त थोडा जवळ आणला,
जसा रात्री दोन वाजता कुणाच्या उशाशी आणत असतील.

टोपी काढली. शाफ्टच्या टोकाला
जिथं चुंबकाची चकती असायची
तिथं रिकामं भोक, कडेला गंज.

मग आम्ही दोघी पालथ्या.
मशीन सरकवलं, खराट्याची काडी फिरवली.
साबणाचे थर, एक पायमोजा, चिंचोका,
आणि भिंतीलगत, केसांच्या गुंत्यात,
चकती. तिला चिकटलेला तिचाच स्क्रू,
आणि एक नावाचा बिल्ला,
पिनेनं घट्ट धरलेला.

"अगो बाई! हा मी थंडीत हरवला.
पन्नास रुपये भरून दुसरा घेतला ना मी."
सोडवायला जोर लावावा लागला.
त्यांनी तो न पुसताच गाऊनच्या खिशात टाकला.

स्क्रू बसवला, थेंबभर लॉकटाईट.
पुली फिरवली: मीटर हलला.
एवढंसंच हललं, पण हललं.
कडीची टोपी लावली, पत्रा लावला, प्लग लावला.

ड्रम डावीकडे वळला, थांबला,
उजवीकडे वळला, सावकाश,
कुणी ऐकून घेतंय याची खात्री असलेल्या माणसासारखा.

पिळायला अजून चाळीस मिनिटं होती.
मी खसेवर दोन तांबे पाणी ओतून आले
तोवर सिस्टर खुर्चीतच झोपल्या होत्या,
पाय स्टुलावर, टॉर्च हातात, चालूच.

टॉर्च बंद केला.
कंपनीवाल्याच्या आठ हजारांच्या कागदामागं लिहिलं:
चुंबक बसवला. साडेतीनशे. घाई नाही.
कपडे पाचला काढा, बाहेर ऊन आहे,
सातच्या आत वाळतील.